६२९ मीटरवरची भेग

कोयनेच्या भूकंपाची तारीख निरनिराळ्या दप्तरांत निराळी लिहिलेली आढळते. आपल्याकडच्या अहवालांत ती ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे अशी आहे. परदेशी भूकंपसूचींत मात्र १० डिसेंबर, रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे. चूक कोणाचीच नाही; एका नोंदीत भारतीय वेळ आहे, दुसरीत ग्रिनिचची. पुढचे आकडे इतके सहज जुळत नाहीत. भूकंपाची तीव्रता कोणी ६ च्या आसपास धरली, कोणी ७ पर्यंत नेली. पुढच्या शास्त्रीय लेखनात ती बहुधा ६.३ ते ६.६ अशी येते. मृतांचा आकडा १७७ पासून सुमारे २०० पर्यंत बदलतो. जखमींची संख्या तर एका अहवालातून दुसऱ्यात जाताना शेकड्यांनी हलते.

अशा घटनेचा इतिहास लिहायचा तर आधी कोणता पुरावा किती वजन पेलतो हे ठरवावे लागते. माझ्या मते कोयनेच्या बाबतीत भक्कम पुरावे तीन आहेत. पहिला, भूकंपाआधीच्या चार-पाच वर्षांत नोंदलेल्या लहान धक्क्यांचा. दुसरा, धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे टिपलेला काही सेकंदांचा आलेख. आणि तिसरा, धरणाच्या अंगावर उमटलेल्या भेगांची मोजणी. हे तिन्ही पुरावे निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या कामासाठी तयार केलेले आहेत. ते एकमेकांशी जुळतात, आणि ‘धरण वाचले’ या दोन शब्दांच्या सुटकेत नेमके काय दडले आहे ते दाखवतात.

कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला धरून सुमारे ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेकडे वाहते. हेळवाकपाशी ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडे नदी घाटाच्या कड्यापासून फार लांब नाही. तिथे पाणी अडवून बोगद्याने पश्चिमेला वळवले, तर ते एकदम कोकणात उतरते. हा उतार सुमारे पावणेपाचशे मीटरचा. कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चक्रे फिरवून वाशिष्ठीत सोडायचे आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला पाठवायचे, अशी ही योजना. या कल्पनेला विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या पाहणीने आकार दिला, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारने ती हाती घेतली. पुढच्या टप्प्यांसह आज या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉटच्या घरात आहे.

धरण १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरांहून थोडे अधिक लांब. मातीचे नव्हे, रबल काँक्रीटचे. म्हणजे काँक्रीटमध्ये मोठाले दगड बसवून घातलेले. ते एकसंध भिंतीसारखे दिसत असले तरी पन्नास-पन्नास फूट रुंदीच्या उभ्या खंडांचे आहे. अभियंते या खंडांना मोनोलिथ म्हणतात. मधले खंड सांडव्याचे, त्यावर सहा वक्र दरवाजे. दोन्ही बाजूंना भरीव खंड. अशा धरणाचे सगळे बळ त्याच्या वजनात असते. मागचे पाणी ढकलते, आणि वजन त्याला जागेवर धरून ठेवते.

धरणाचा छेद पाहिला की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. तळाशी जाडी ७० मीटर, माथ्याशी पंधरा मीटरच्या आत. ही जाडी खालून वर एकसारखी कमी होत नाही. पायापासून साडेसहासष्ट मीटरवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२९ मीटरवर, खालच्या अंगाचा उतार अचानक मोडतो. त्याखाली धरण पसरत जाते, त्यावर ते जवळजवळ उभे होते. याचे कारण बांधकामाच्या इतिहासात आहे. धरण दोन टप्प्यांत उंच करायचा मूळ बेत होता. काम सुरू झाल्यावर तो बदलला आणि पूर्ण उंची एकाच टप्प्यात गाठायचे ठरले. खालचा भाग जसा घातला गेला होता त्यावरच वरचा भाग बेतावा लागला. उतार मोडण्याची ती जागा पुढे महत्त्वाची ठरणार होती.

भूकंपाचा विचार आराखड्यात नव्हता असे म्हणता येणार नाही. धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर लागेल असे गृहीत धरून हिशेब केला होता. त्या काळी जगभर हीच रीत होती. आणि दख्खनच्या पठाराबद्दल तर भूशास्त्राची खात्री होती की हा भारतीय द्वीपकल्पाचा जुना, स्थिर भाग आहे. इथे मोठे भूकंप होत नाहीत. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशातही कोयना कमी धोक्याच्या भागात होती. तेव्हा पाच टक्क्यांची तजवीज सावधपणाचीच वाटली असेल. आजच्या माहितीवर उभे राहून त्या आराखड्याला दोष देणे सोपे आहे, पण त्यात न्याय नाही. खरा प्रश्न त्यापुढच्या वर्षांचा आहे.

१९६२ पासून जलाशयात पाणी साठू लागले, आणि थोड्याच काळात परिसरातले लोक जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल आणि हलक्या धक्क्यांबद्दल बोलू लागले. १९६३ च्या सुमारास ते इतके वाढले की दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. भूकंपमापक असलेली सर्वांत जवळची वेधशाळा तेव्हा पुण्याची, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब. तिथल्या नोंदींवरून लहान धक्क्यांची जागा नेमकी काढता येत नसे. मग खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने कोयना, सातारा, महाबळेश्वर आणि चिपळूणजवळचे गोवळकोट इथे भूकंपमापक बसवले.

या इतिहासातली सर्वांत मोलाची कृती माझ्या लेखी हीच आहे. तोवर एकही घर पडलेले नव्हते, एकही माणूस गेलेला नव्हता. लोकांच्या तक्रारीला अफवा म्हणून फाइलबंद करता आले असते. तसे न करता कोणीतरी यंत्रे मागवली, माणसे नेमली आणि नोंदवही उघडली. १९६६ मध्ये याच केंद्रातील एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवाजीसागर, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या परिसरातल्या या धक्क्यांवर अहवाल लिहिला. धक्क्यांचे उगम उथळ आणि जलाशयाच्या परिसरातच आहेत, हे तेव्हाच दिसू लागले होते. जलाशयाची पातळी पावसाळ्यात चढते आणि त्यानंतर काही काळाने धक्क्यांची संख्या वाढते, हाही मेळ बसू लागला होता. म्हणजे मोठ्या भूकंपाच्या आधीच पाण्याचा आणि हादऱ्यांचा संबंध कागदावर आलेला होता. कोयनेला इशारा मिळाला नव्हता असे म्हणणे दस्तऐवजांशी विसंगत आहे.

इशारा मिळाला होता हे म्हणताना तो कशाचा होता हेही नीट सांगायला हवे. जलाशय भरल्यावर जमीन हलते हे जगात अगदी नवीन नव्हते. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाचा मीड जलाशय १९३५ पासून भरू लागल्यावर तिथे असे धक्के नोंदले गेले होते. १९६३ मध्ये झांबेझीवरच्या करिबा जलाशयापाशी आणि १९६६ मध्ये ग्रीसमधल्या क्रेमास्ता जलाशयापाशी सहाच्या आसपासचे भूकंप झाले. त्याआधी, मार्च १९६२ मध्ये, चीनमधल्या शिनफेंगच्यांग धरणाच्या वरच्या भागात अशाच भूकंपाने आडवी भेग पडली होती. कोयनेशी याचे साम्य विलक्षण आहे. उंचीही जवळजवळ तितकीच. पण त्या धरणाची तपशीलवार माहिती चीनबाहेर आली ती १९७० च्या दशकात. देशादेशांतले हे मौन धरणांच्या सुरक्षेला किती महाग पडते याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

शेवटचा मोठा इशारा १३ सप्टेंबर १९६७ रोजी आला. पाच-साडेपाच तीव्रतेचा धक्का, तोवरच्या सगळ्यांपेक्षा मोठा. जलाशय पावसाळा संपता संपता भरत आला होता. त्या वर्षी पाण्याची वरची पातळी आधीच्या वर्षांपेक्षा अधिक काळ टिकून राहिली. पुढे तीन महिन्यांत जे घडले ते आपल्याला ठाऊक असल्यामुळे आज त्या सप्टेंबरच्या नोंदीकडे बघताना छातीत धस्स होते. त्या वेळच्या माणसाला ती ‘आतापर्यंतचा सर्वांत मोठा धक्का’ एवढीच दिसत होती. हा शेवट आहे की नांदी, हे सांगणारे शास्त्र तेव्हा कुठेच नव्हते, आणि आजही पूर्णपणे नाही.

११ डिसेंबरच्या पहाटे बहुतेक लोक झोपेत होते. जोराची कंपने दहा सेकंदांच्या आतबाहेर टिकली. धरणाजवळच्या कोयनानगर वसाहतीतली ऐंशी टक्क्यांहून अधिक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. आजूबाजूच्या खेड्यांत दगडमातीच्या भिंती अंगावर कोसळल्या. हादरा पुण्यामुंबईत आणि त्याही पलीकडे जाणवला. कोयनेची वीज बंद पडली आणि तिच्यावर चालणारे मुंबई परिसरातले कारखाने ठप्प झाले.

इथे एका गोष्टीवर थांबणे भाग आहे. त्या पहाटे जी माणसे गेली ती धरणामुळे बुडून गेली नाहीत. ती आपापल्या घरांत गेली. धरणासाठी पाच टक्के का होईना, भूकंपाचा हिशेब मांडला होता. धरणाच्या सावलीत वसलेल्या वसाहतीतल्या घरांसाठी आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांसाठी कोणी तो मांडला नव्हता. ओबडधोबड दगडांच्या, कमकुवत दर्जाच्या भिंतींना आडवा धक्का सोसण्याची ताकदच नसते. कोपरे उकलतात, भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि छप्पर खाली येते. भूकंपानंतर आलेल्या अभियंत्यांनी हेच नोंदवले. धरणाच्या सुरक्षेवरच्या लेखनात ही घरे एखाद्या परिच्छेदात आटोपतात. तसे होऊ नये. जलाशयामुळे धक्के बसत असतील, तर त्या धक्क्यांत पडणारे घरही धरणाच्याच सुरक्षेच्या हिशेबात यायला हवे.

पुण्याजवळचे पानशेत धरण फुटून तेव्हा साडेसहा वर्षेही झाली नव्हती. १२ जुलै १९६१ ची आठवण पुण्यात आणि एकूणच महाराष्ट्रात ताजी होती. कोयनेचा साठा पानशेतच्या कित्येक पट मोठा; भरल्यावर जवळजवळ २८० कोटी घनमीटर, आपल्या रोजच्या भाषेत ९८ टीएमसीच्या वर. खाली पाटण, कराड, आणि पुढे कृष्णाकाठची सांगली. भूकंपाच्या वेळी धरणामागे सुमारे ९२ मीटर खोल पाणी उभे होते. त्यामुळे दिवस उजाडल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे प्रश्न एकच होता.

धरण उभे होते. पण अभंग नव्हते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पुराव्याची गोष्ट इथून सुरू होते. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भरीव खंडांवर आडव्या भेगा आढळल्या. पाण्याकडच्या अंगावरही आणि खालच्या अंगावरही. त्यांतल्या मुख्य भेगा ६२९ मीटरच्या आसपास, जिथे उतार मोडतो नेमक्या त्याच पातळीला होत्या. काही खंडांत खालच्या अंगाने पाणी पाझरत होते. म्हणजे तिथे भेग वरवरची नसून पाण्याकडून खालच्या बाजूपर्यंत पोचली असण्याची शक्यता होती. खंडांमधल्या जोडांवर काँक्रीटचे टवके उडाले होते. शेजारचे खंड वेगवेगळे हलून एकमेकांवर आदळल्याची ती खूण. सांडव्याच्या खंडांना फारशी इजा झालेली नव्हती.

आणि धरणाच्या उजव्या तीराकडच्या एका बुटक्या खंडातल्या, म्हणजे १-अ क्रमांकाच्या मोनोलिथमधल्या, गॅलरीत एक अ‍ॅक्सेलरोग्राफ होता. नेहमीचा भूकंपमापक दूरचे, बारीक धक्के टिपतो. जवळच्या मोठ्या भूकंपात त्याचा काटा पट्टीबाहेर जातो. अ‍ॅक्सेलरोग्राफ एरवी गप्प असतो, मोठा हादरा आला की जागा होऊन फिल्मवर आलेख काढतो. त्या पहाटे त्याने तो काढला. मोठ्या धरणावर, भूकंपाच्या इतक्या जवळ, अशी नोंद तोवर जगात जवळजवळ नव्हतीच. नदीच्या दिशेने, म्हणजे धरणाच्या आडव्या छेदात, सर्वाधिक प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.४९ पट. धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट. उभ्या दिशेने ०.३४ पट.

या आकड्यांबाबत दोन सावधगिरीच्या सूचना करायला हव्यात. एक, यंत्र मोकळ्या खडकावर नव्हते, धरणाच्या पोटात होते. त्यामुळे जमिनीच्या हालचालीत धरणाची स्वतःची हालचाल थोडी मिसळलेली असणार. खंड बुटका आणि तीराजवळचा असल्यामुळे ती भेसळ कमी आहे, असे मानून पुढचे संशोधन झाले. दुसरी अधिक महत्त्वाची. वृत्तपत्री लेखनात ०.०५ आणि ०.४९ हे आकडे शेजारी ठेवून ‘गृहीतापेक्षा दहापट भूकंप’ असे लिहिले जाते. हे तंतोतंत खरे नाही. आराखड्यातला पाच टक्के जोर हा सतत लागणारा, स्थिर जोर आहे. यंत्राने टिपलेले शिखर सेकंदाच्या छोट्या अंशापुरते आहे आणि लगेच उलट दिशेला फिरते. धरण उभे राहिले यात या क्षणिकपणाचा मोठा वाटा आहे. भेग उघडते, पण वरचा भाग कोसळण्याइतका झुकण्याआधीच जोर उलटतो आणि वजन भेग पुन्हा मिटवते. मोठा प्रवेग धरणाच्या लांबीच्या दिशेने होता हेही पथ्यावर पडले. त्या दिशेने खंड एकमेकांना आधार देतात.

यानंतर तपासणीची रीघ लागली. भारत सरकारने तज्ज्ञ समिती नेमली, युनेस्कोचे तज्ज्ञ आले, कानपूरच्या आयआयटीतल्या अध्यापकांचे पथक येऊन गेले. पण भेगा तिथेच का पडल्या, याचे सर्वांत ठाम उत्तर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून आले. अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी गॅलरीतल्या यंत्राचा आलेख घेतला, कोयनेचा छेद संगणकावर लहान लहान तुकड्यांत मांडला आणि धरणाला क्षणाक्षणाने हलवून पाहिले. १९७१ आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार उतार मोडतो त्या पातळीला खालच्या अंगावर काँक्रीट ताणणारा जोर चौरस इंचाला ९०० पौंडांच्या वर गेला होता, तर पाण्याकडच्या अंगावर सुमारे ६०० पौंड. त्या काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद होती साधारण ३५० पौंड. म्हणजे जिथे भेगा पडल्या, तिथेच त्या पडायला हव्या होत्या.

त्यांनी मांडलेली पुढची गोष्ट याहून गंभीर आहे. जुन्या रीतीत सगळ्या उंचीवर एकच पाच टक्के धरले जात. त्या हिशेबात सर्वांत जास्त ताण धरणाच्या तळाशी येतो आणि वरचा भाग निर्धोक दिसतो. म्हणून वर कमी ताकदीचे काँक्रीट चालते असा समज. प्रत्यक्षात भूकंपात धरणाचा माथा पायापेक्षा किती तरी अधिक झोके घेतो आणि खरा ताण वरच्या भागात येतो. म्हणजे चूक पाच या आकड्यात नव्हती, ती हिशेबाच्या पद्धतीत होती. पाचाच्या जागी दहा घातले असते तरी तो हिशेब ६२९ मीटरच्या पातळीकडे बोट दाखवू शकला नसता. कोयनेचा विचित्र छेद भेगांना कारण झाला हे खरे, परंतु नेहमीच्या सुबक छेदाचे धरणही एवढ्या हादऱ्यात वरच्या भागात तडकले असते, असेही त्यांच्या गणितात दिसले. कोयनेची भेग एका धरणाचा दोष दाखवत नव्हती. त्या पद्धतीने बांधलेल्या जगभरच्या धरणांबद्दल ती शंका उपस्थित करत होती. आजही काँक्रीटमध्ये भेग कशी पसरते याची नवी संगणकीय रीत तपासायची असली की अभियंते कोयनेचाच छेद आणि त्या पहाटेचाच आलेख घेतात.

भूकंप पाण्यामुळे झाला का, यावर मात्र बराच काळ वाद चालला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या हरि नारायण आणि हर्ष गुप्ता यांनी १९६८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जलाशय आणि भूकंप यांचा संबंध मांडला. दुसऱ्या बाजूला काही भूशास्त्रज्ञांचे म्हणणे होते की, हा पृथ्वीच्या कवचातला नैसर्गिक भूकंप आहे, धरण तिथे असणे हा योगायोग. दोन्ही बाजूंत काही तथ्य होते. नानेल, दोणीचावाडा या भागात जमिनीला पडलेल्या भेगांची रांग आणि भूकंपलहरींचे विश्लेषण खडकातल्या जुन्या, जवळजवळ उत्तर-दक्षिण तुटीकडे बोट दाखवत होते. त्या तुटीत साठलेला ताण पाण्याने निर्माण केलेला नव्हता; तेवढी ऊर्जा जलाशयाच्या वजनात नसते. पाणी खडकांच्या फटींतून खोल मुरते, आतला दाब वाढवते आणि तुटीच्या दोन बाजूंना धरून ठेवणारे घर्षण कमी करते. जो ताण कधी तरी मोकळा व्हायचाच होता, तो आधी मोकळा होतो.

वाद मिटवला तो पुढच्या नोंदींनी. १९७३, १९८०, १९९३-९४, २०००, २००५ असे पाचच्या वरचे धक्के येत राहिले, तेही साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या त्याच पट्ट्यात. दक्षिणेला वारणा जलाशय भरल्यानंतर धक्क्यांचा वावर तिकडेही सरकला. लहानमोठे मिळून एक लाखाहून अधिक धक्के नोंदले गेले. या नोंदींवरून गुप्ता यांनी १९८० च्या दशकात दाखवले की, जलाशयाची पातळी आठवड्याला चाळीस फुटांहून वेगाने चढते तेव्हा मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते; पुढे त्यात पूर्वीची कमाल पातळी ओलांडली जाणे आणि वरची पातळी किती काळ टिकते, याही गोष्टी जमेस धरल्या गेल्या. हे मोठे व्यावहारिक ज्ञान आहे. अर्थात पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणाऱ्या पावसाला आठवड्याचे कोष्टक पाळायला कोण लावणार, हाही प्रश्न दरवाजे सांभाळणाऱ्या अभियंत्यांपुढे असतोच.

दख्खनच्या स्थिरतेवरचा विश्वास मात्र ताबडतोब गेला. १९७० मध्ये भूकंपप्रवण क्षेत्रांचा सुधारित नकाशा निघाला आणि कोयना परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या क्षेत्रात गेला.

धरणाच्या दुरुस्तीचा क्रमही बोलका आहे. आधी भेगांत इपॉक्सी भरून त्या बुजवल्या. उंच खंडांमध्ये वरून खाली ताणलेल्या पोलादी तारा घालून वरचा भाग खालच्याशी जखडला. हा तात्पुरता उपाय होता. मग भरीव खंडांच्या खालच्या अंगाला काँक्रीटचे टेकू उभारले, म्हणजे उतार मोडण्याची ती जागाच आता जाड झाली. हे काम १९७३ पर्यंत पुरे झाले. सांडव्याच्या खंडांना १९६७ मध्ये विशेष इजा झाली नव्हती, म्हणून ते तसेच राहिले. त्यांचे मजबुतीकरण पुरे झाले २००६ मध्ये.

या दोन तारखांमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे. या काळात पाचच्या वरचे अनेक धक्के येऊन गेले आणि सांडवा टिकला. पण ‘टिकला’ हा निकाल दर वेळी भूकंपानंतर मिळालेला आहे, आणि जो भाग तडकला नाही तो सुरक्षित, असे मानणे म्हणजे भेगेलाच परीक्षक नेमणे. सांडव्याच्या मजबुतीकरणाच्या सुमारासच दरवाजांना झडपा लावून साठा ९८ वरून १०५ टीएमसीच्या वर नेला गेला. वीज आणि पाण्याची गरज खरी आहे, हे मान्य. तरी जिथे पूर्वीची कमाल पातळी ओलांडणे हेच धक्क्यांचे एक कारण मानले जाते, तिथे पातळी वाढवण्याच्या निर्णयामागचा सगळा हिशेब लोकांपुढे असायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

जमिनीखालचे चित्र अलीकडे बरेच स्पष्ट झाले आहे. परिसरात दीड किलोमीटर खोलीपर्यंतच्या विंधनविवरांतून बेसाल्टचा थर आणि त्याखालचा प्राचीन ग्रॅनाइट तपासला गेला. त्यानंतर गोठणे इथे तीन किलोमीटर खोल पथदर्शी विवर खणले गेले. हे काम कराडजवळ हजारमाचीला असलेल्या केंद्र सरकारच्या भूभौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. गोठण्याला बेसाल्ट सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला, त्याखाली थेट ग्रॅनाइट. ज्या खडकात धक्के जन्म घेतात तिथेच यंत्र उतरवून ऐकायचे, असा हा प्रयत्न.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने ३० मीटर किंवा त्याहून उंच धरणांच्या परिसरात भूकंपमापन केंद्र असणे मालकाला बंधनकारक केले आहे. शिवाय स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन करायचे आहे. जुन्या धरणांचे पहिले मूल्यमापन कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत. कोयनेच्या गॅलरीत आजही पाझर मोजला जातो, पायाखालचा दाब वाचला जातो, खंडांची हालचाल नोंदली जाते. ही आकडेवारी वर्षावर्षाला, मराठीत, पाटण आणि कराडच्या माणसाला वाचता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. पाणी किती चढले हे त्याला रोज सकाळी वर्तमानपत्रात कळते. भिंत किती हलली हे कळण्याचाही त्याला तितकाच हक्क आहे.